आमची वाटचाल: ठिबकच्या साच्यांपासून उपग्रहाच्या कंपन चाचणीपर्यंत

जळगावच्या एमआयडीसीत वडिलांनी उभारलेल्या आमच्या कारखान्यात ठिबक सिंचनाच्या फिटिंगचे साचे आणि डाळमिलचे सुटे भाग तयार होत असत. केळीबागांच्या या मुलखात अशा कामाची कधी ददात पडली नाही. तरीही २०२० साली केंद्र सरकारने अंतराळ क्षेत्र खासगी उद्योगांना खुले करून खासगी अंतराळ उद्योगांना परवानगी व प्रोत्साहन देणारी ‘इन-स्पेस’ ही संस्था स्थापण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आपल्या व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कोरणाऱ्या) मशीनवर याहून काटेकोर काम होऊ शकेल, असे मला प्रकर्षाने वाटू लागले. बंगळुरूच्या एका कंपनीकडून मिळालेले पहिले काम मात्र उपग्रहाच्या भागाचे नव्हते. कंपन चाचणीच्या वेळी तो भाग ज्यावर बसवून शेकरला, म्हणजे कंपने देणाऱ्या यंत्राला, जोडतात, त्या फिक्स्चरचे होते.

प्रक्षेपणात बसणारे हादरे उपग्रहाचा प्रत्येक भाग सोसू शकेल की नाही, हे जमिनीवरच पाहावे लागते, आणि त्यासाठी त्याला साधारणतः २० ते २००० हर्ट्झ (दर सेकंदाला तितकी कंपने) या पट्ट्यातील अनियमित कंपने दिली जातात. शेकरची कंपने फिक्स्चरने जशीच्या तशी भागापर्यंत पोहोचवावीत, स्वतः थरथरू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. आम्ही तळपट्टीवर उभी प्लेट बोल्टने आवळून ते बनवले होते. मापे बिनचूक होती, परंतु ७०० हर्ट्झच्या आसपास उभी प्लेटच अनुनादात आली, म्हणजे शेकरच्या लयीत स्वतःच जोराने थरथरू लागली, तिच्यावरच्या इलेक्ट्रॉनिक पेटीला ठरल्याहून कितीतरी जास्त हादरे बसले आणि आतल्या एका घटकाचा पाय तुटला. दोष पेटीचा नव्हता, आमचा होता. ते त्याच दिवशी ग्राहकाला लेखी कळवले आणि फिक्स्चर विनामूल्य पुन्हा करून दिले.

साच्यांच्या सवयीने मला आधी पोलादच सुचले. पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठर असते खरे, पण जडही तेवढेच असते; त्यामुळे त्याच आकाराच्या प्लेटची नैसर्गिक वारंवारता (ज्या वेगाने ती आपसूक थरथरते तो वेग) दोन्ही धातूंत जवळजवळ सारखी येते आणि पोलादाने केवळ शेकरवरचा भार वाढतो. उपाय आकारात होता. उंची कमी केली, दोन्ही बाजूंनी जाड फासळ्या दिल्या आणि जोड टाळून सगळे ६०६१-टी६ या प्रतीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढले. तेव्हापासून कोणतेही फिक्स्चर पाठवण्याआधी त्यावर प्रवेगमापक (थरथर मोजणारे छोटे उपकरण) चिकटवून आणि मोजणीच्या हातोडीने ठोकून त्याची वारंवारता आम्ही येथेच तपासतो.

खानदेशातला उन्हाळा हा आमचा दुसरा शिक्षक. मापे २० अंश सेल्सिअसला धरायची, हा जगभरचा नियम. आणि मे महिन्यात आमच्या शेडमध्ये पारा ४० च्या पुढे गेलेला असतो. अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते, म्हणजे ५०० मिलिमीटरची प्लेट २० अंशांच्या फरकाने ०.२३ मिलिमीटरने लांबते. डाळमिलच्या भागाला हे चालून जाते, पण उपग्रहाच्या बोल्टच्या छिद्रांना नाही. म्हणून नवीन मशीन घेण्याआधी आम्ही वातानुकूलित मोजणीखोली बांधली. शेवटचा हात फिरवण्यापूर्वी आणि मोजण्यापूर्वी नग तिथे रात्रभर ठेवला जातो.

मुख्य चाचणीच्या आधी आणि नंतर अगदी हलकी कंपने देऊन भागाच्या थरथरीचे दोन आलेख काढतात. दुसऱ्या आलेखात त्याची नैसर्गिक वारंवारता खाली सरकली असेल, तर कुठेतरी तडा गेलेला असतो किंवा बोल्ट सैल झालेला असतो. तो सैल बोल्ट आमच्या फिक्स्चरचा निघू नये, म्हणून आमचे जुने टर्नर काका ग्राहकाच्या फिटरला प्रत्येक बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) आणि आवळण्याचा क्रम स्वतः समजावून सांगतात आणि कागदावर लिहूनही देतात.

सध्या मॅग्नेशियमच्या फिक्स्चरची तयारी चालू आहे. हा धातू अ‍ॅल्युमिनियमहून सुमारे एक तृतीयांश हलका असून कंपने अधिक शोषतो, मात्र त्याचा बारीक कीस सहज पेट घेतो आणि त्या आगीवर पाणी मारून चालत नाही. त्यासाठी मागच्या मोकळ्या जागेत वेगळी शेड बांधत आहोत. ती पूर्ण होऊन कामगारांचे प्रशिक्षण झाल्याशिवाय मॅग्नेशियमचा एकही ठोकळा मशीनवर चढवणार नाही.