पडू दे की थंडी

"पडू दे की थंडी! नाहीतर गव्हाला फुटवे कुठून येतील?"

सकाळी श्रीगोंद्याच्या रानात मी शाल गुंडाळून कुडकुडत होते, तेव्हा आत्या म्हणाली. बोलता बोलता तिने आगटीतलं ज्वारीचं कणीस उचललं, तळहातांवर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हुरडा माझ्या ओंजळीत ओतला. तळहात राखेने काळे, दाणे पोपटी, वाफाळते.

रात्री दोनला लाइट आली म्हणून गव्हाला पाणी देऊन आली होती ती. दुपारी मात्र ओट्यावर उन्हाला पाठ देऊन निवांत तीळ निवडत बसली. संक्रांत आलीच ना आता.

आणि मी? पुण्यात पारा १० अंशांखाली गेला की खिडक्या लावून घेते. किती हिवाळे असेच गेले माझे.

तुमच्याकडे यंदा शेकोटी पेटली का?