टेप लावायच्या आधीच सुरू होणारं बोलणं

पंचवटीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. वैशाखातल्या लग्नांची मापं फाल्गुनातच सुरू होतात आणि नवरीसोबत आलेल्या बायका मी टेप हातात घ्यायच्या आत बोलायला लागतात. निफाडकडची एक आजी नातीकडे बघून म्हणाली, "अंगावर मांस नाही पोरीच्या, संसार कसा झेपायचा हिला?" तीच नात दोन दिवसांनी कॉलेज रोडच्या मैत्रिणीला घेऊन आली. मैत्रीण म्हणे, "बाही कोपरापर्यंत घे, दंड जाड दिसतात." वहीत माप तेच होतं: छाती ३२, कंबर २८.

मला या बोलण्याचा फार राग येतो, कारण ऐकणारी पोर गप्प बसते आणि घरी जाऊन जेवण सोडते. एकीने कंबर दीड इंच कमी धरायला लावली, लग्नापर्यंत उतरवते म्हणाली. ट्रायलला आली तेव्हा गळ्याची हाडं वर आलेली, ब्लाऊज मुंढ्यातही ढिला. आरशासमोर उभं राहवेना तिला, आई मात्र खूश. मी त्या माउलीला सरळ सांगितलं, आधी पोरीला पोटभर जेवू घाला.

प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर पूर्वी भरलेलं अंग म्हणजे घरच्यांनी नीट सांभाळल्याची खूण असायची. बाई वाळली तर लोक काळजी करायचे. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधक अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं, तर वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही नव्हती. १९९८ मध्ये पुन्हा विचारलं, तर ११.३ टक्के मुली तसं करत होत्या. तीन वर्षांत! आणि जाड अंगाचं कौतुक म्हणजे सुख, असंही नाही. आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशात काही ठिकाणी लग्नाआधी पोरींना जाड करायला बळजबरीनं दूध पाजतात, नको म्हटलं तर मारतात. म्हणजे पसंती कुठलीही असो, सोसायचं पोरीनंच.

माझ्या दुकानात आता सोबतच्या बायका बाहेर बाकावर बसतात. पडद्याआड फक्त नवरी आणि मी. आकडा मोठ्यानं म्हणत नाही, वहीत लिहिते. शिवणीत दोन्ही बाजूंनी इंचभर माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवते. अंग भरलं किंवा उतरलं, तर फिटिंग पुन्हा करून देते, त्याचे पैसे घेत नाही.