तंबू ठोकण्याआधी ताटाचा विचार

तळ्याकाठी पोहोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. तंबू उभे करायचे, पाणी भरायचं, आणि मुलांची भूक तर गाडीतच सुरू झालेली. अशा वेळी कांदा चिरत बसण्यात अर्थ नसतो, म्हणून पहिल्या रात्रीचं जेवण आम्ही घरूनच शिजवून नेतो. भाज्यांचं दाट सूप आदल्या दिवशी डब्यात गोठवलं होतं. वाटेत त्यानेच कूलबॉक्स गार ठेवला आणि इथे आल्यावर ते फक्त खळखळून उकळायचं राहिलं.

कूलबॉक्सच्या बाबतीत मी काटेकोर आहे. पाणी प्यायला मुलं सारखं झाकण उघडतात आणि गारवा निघून जातो. त्यामुळे पेयांचा बॉक्स वेगळा, दूध-अंडी-मांसाचा वेगळा. कच्चं मांस घट्ट झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खाली. बर्फाचे छोटे तुकडे भराभर विरघळतात. त्यापेक्षा पाण्याच्या बाटल्याच गोठवाव्यात, नंतर ते पाणी प्यायलाही होतं. अन्न ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं अन्न मी मुलांना वाढत नाही; हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

पहाटे कडाक्याची थंडी होती. गॅसचा डबा भरलेला, तरी शेजारच्या तंबूवाल्यांचा स्टोव्ह नुसता फुरफुरत होता. साध्या डब्यात बहुतेक ब्युटेन असतो आणि शून्याच्या आसपास त्याचा वायूच होईनासा होतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो, म्हणून थंडीच्या जागी प्रोपेन मिसळलेला डबा न्यावा. आमच्याकडे तो होता. त्यांचाही चहा आमच्याच स्टोव्हवर झाला.

मुलांना खरी मजा आली ती दुपारी, बटाट्यांत. प्रत्येकाने आपापला बटाटा धुतला, काट्याने टोचला, मीठ-तेल चोळून फॉइलमध्ये दुहेरी गुंडाळला. मग वाट बघणं. ज्वाळा दिसल्या की भांडं चढवायची घाई होते, पण ज्वाळेवर साल करपते आणि आतला गर कच्चा राहतो. लाकडं जळून निखाऱ्यांवर करड्या राखेचा थर धरला की आच एकसारखी होते. मग बटाटे त्यात ठेवायचे, अधूनमधून फिरवायचे; मध्यम आकाराच्या बटाट्याला पाऊण तास तरी लागतो. सुरी सहज आत गेली की झाला. फॉइल उघडताच वाफेचा लोट आला, सालीला धुराचा वास होता. एरवी बटाट्याला नाक मुरडणारी धाकटी दुसरा मागत होती! उठण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओतलं, राख ढवळली, पुन्हा ओतलं. वरून विझलेली चूल आत धुमसत असते, त्यामुळे हाताला गार लागेपर्यंत तिथून हलायचं नाही.

संध्याकाळी पाऊस आला. स्टोव्ह तंबूत घ्यायचा मोह अशा वेळी होतो, पण ते कधीच करू नये. आगीचा धोका आहेच, शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. आम्ही पाव, चीज, सफरचंदं आणि खजूर काढले. चूल न पेटवता भागेल अशी एका जेवणाची शिदोरी आमच्या सामानात कायम असते, आणि अशी वेळ आली नाही तर ती शेवटच्या दिवसापर्यंत आम्ही फोडत नाही.