पैठणी घ्यायला येवल्याला जाताय? आधी पदर उलटा करा

शिर्डीचं दर्शन झालं की गाडी येवल्याकडे वळते. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. नाशिकहून थेट आलात तर साधारण ८५ किलोमीटर. बहुतेकांच्या हातात दोन तास असतात, घरून ‘एक पैठणी घेऊन या’ अशी मागणी असते, आणि पहिल्याच दुकानात गोंधळ उडतो. तोच बांगडी मोर (बांगडीसारख्या वर्तुळातला मोर), तोच मोरपंखी रंग, पण एका साडीला तीन हजार आणि शेजारच्या साडीला तीस हजार. दुकानदार म्हणतो, ‘ताई, दोन्ही पैठणीच.’ हा फरक कशाचा आहे ते कळलं की अर्धी खरेदी झाली म्हणून समजा.

फरक पदरात आहे. हातमागावर पैठणीचा पदर विणताना जमीन, म्हणजे मागची पार्श्वभूमी, जरीची असते आणि नक्षी रंगीत रेशमाची. जरीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जात नाही. पोपटाची चोच जिथे सुरू होते तिथे तो थांबतो, शेजारच्या लाल धाग्याला वळसा घालतो आणि मागे फिरतो. चोचीपुरता लाल धागा, मानेपुरता हिरवा, डोळ्यापुरता आणखी एखादा. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी मागावर लोंबत असते. पदर भरगच्च असेल तर अशा कितीतरी कांड्या. विणणारी व्यक्ती बोटांनी मोजके उभे धागे उचलते, त्याखालून कांडी काढते, पुढचे धागे, पुढची कांडी. एक आडवी ओळ पुरी झाली की फणी ठोकायची आणि पुढची ओळ धरायची. दिवसभर बसूनही पदर काही इंचच पुढे सरकतो.

म्हणूनच दुकानात पदर उलटा करा. अख्खा नको, एका मोराची मान आणि एका मुनियेची, म्हणजे पोपटाची, चोच एवढंच मागून नीट बघा. हाताने विणलेल्या पदरात रंग जिथे हवा तिथेच असतो, त्यामुळे मागच्या बाजूलाही तोच मोर तसाच दिसतो. रंग बदलतो तिथे अगदी बारीक टोकं किंवा गाठी सापडतील, त्या असायच्याच. नक्षीची गोलाई जवळून पाहिली तर पायऱ्यापायऱ्यांची दिसते, आणि दोन मोर शेजारी ठेवले तर ते अगदी छाप मारल्यासारखे एकसारखे नसतात. यंत्रमागाच्या ‘सेमी पैठणी’त रंगीत धागे मागून लांबवर धावतात. ते मोकळे लोंबतात, किंवा कापून टाकलेले असतात आणि मागे झालरीसारखे दिसतात, किंवा लपवायला त्यावर जाळीचं कापड लावलेलं असतं. जाळी दिसली की प्रश्न संपला. मोकळ्या धाग्यांचा त्रास पुढेही होतो. जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र त्यात अडकतं, आणि एक धागा ओढला गेला की पुढून मोराचं पीस गायब होतं.

ही परीक्षा पदरावरच करायची. काठावर आणि अंगावरच्या बुट्ट्यांवर केली तर फसाल. कित्येक हातमागांनाही आता काठासाठी आणि ब्रोकेडसाठी, म्हणजे अंगभर विणलेल्या नक्षीसाठी, जकार्ड (नक्षीचे उभे धागे आपोआप उचलणारं यंत्र) जोडलेलं असतं, त्यामुळे हातमागाच्या साडीतही काठाच्या किंवा अंगाच्या उलट बाजूला धागे धावलेले दिसू शकतात. तेवढ्यावरून साडी सेमी ठरवू नका. विणकराच्या घरी जाऊन काठ उलटा करून ‘ही खोटी’ म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

आता लेबलांचं. सिल्क मार्कचं होलोग्राम असलेलं लेबल पाहून लोक निर्धास्त होतात. सिल्क मार्क सांगतो ते इतकंच, की रेशीम शुद्ध आहे. साडी हातावर विणली की यंत्रावर, याबद्दल तो काही बोलत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीवरही तो असू शकतो आणि त्यात लबाडी काहीच नाही. हातमागासाठी वेगळा हँडलूम मार्क आहे, २००६ मध्ये सुरू झालेला. दोन्ही असतील तर उत्तम. पैठणीला भौगोलिक मानांकन (जीआय) २०१० मध्ये मिळालं, पण दुकानात ‘जीआय’ची पाटी लावलेली आहे म्हणजे आतली प्रत्येक साडी तशीच, असं नसतं. छोट्या विणकराकडे कधी लेबलं नसतातही, पण माग समोर असतो. मला विचाराल तर लेबलापेक्षा उलटा पदर जास्त खरं बोलतो.

दुसरा फसवा शब्द म्हणजे ‘टेस्टेड जर’. ऐकणाऱ्याला वाटतं, प्रयोगशाळेत तपासलेली जर. तसं नाही. टेस्टेड हे जरीच्या एका प्रतीचं नाव आहे. आत तांब्याची तार, त्यावर चांदीचा पातळ मुलामा आणि वर सोनेरी रंग. खऱ्या जरीत चांदीची तार असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. टेस्टेडच्याही खाली नुसती प्लास्टिकची चमकी जर येते, ती वजनाला हलकी आणि डोळ्यांत खुपेल इतकी चकचकीत असते. आजच्या बहुतेक हातमाग पैठण्या टेस्टेड जरीच्या असतात आणि त्यात वावगं काही नाही. फक्त तांबं आहे म्हणजे दमट हवेत, घामाने, अत्तराने ती काळवंडणार हे घेतानाच माहीत असावं. खऱ्या चांदीच्या जरीचे पैसे मोजत असाल तर बिलावर तसं लिहून घ्या.

रेशमाची शंका असेल तर धागा जाळून बघतात. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, आच काढली की ते विझत जातं आणि मागे चुरगळणारी काळी राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर टणक मणी होतो. पण इथे एक चूक हमखास होते. दुकानदार पदराच्या टोकाच्या दशांमधला धागा काढून देतो. दशा म्हणजे उभे धागे. उभा धागा रेशमाचा आणि आडवा दुसऱ्याच कशाचा, असं स्वस्त साड्यांत सर्रास चालतं. म्हणून ब्लाउजपीसच्या कापलेल्या कडेचा एक आडवा धागाही मागा. दोन्ही जाळा, वेगवेगळे.

भावाचा हिशेब असा करा. समजा, साध्या पदराची एक साडी मागावरून उतरायला पंधरा दिवस लागले आणि दिवसाची मजुरी ६०० रुपये धरली, तर ९,००० रुपये नुसत्या मजुरीचेच झाले. रेशीम, जर, रंगाई, ताणा (उभे धागे) भरणं वेगळंच. यावरून तीन हजारांत हातमागाची पैठणी का बसत नाही ते आपोआप कळतं. पुढे भाव चढतो तो पदराच्या लांबीवर आणि भरगच्चपणावर. दुकानात ‘सिंगल पदर’, ‘डबल पदर’, ‘ट्रिपल पदर’ असे शब्द कानावर पडतील, ते नक्षीदार पदर किती मोठा आहे त्याचे. अंगभर नक्षीची ब्रोकेड असेल तर काम सहा महिने ते वर्षभरही चालतं, आणि किंमत लाखाच्या घरात जाते. विणीवरूनही नावं पडतात. एकधोटी म्हणजे अंगाला एकच धोटा (आडवा धागा नेणारं साधन) वापरून विणलेली. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे धूपछाव दिसते. काठ बहुधा नारळी, अंगावर पैसा किंवा वाटाण्यासारखी साधी बुट्टी. कडियलमध्ये काठाचे उभे-आडवे धागे एकाच रंगाचे असतात, अंगाचा रंग वेगळा, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवलेले असतात. तीन धोटे चालवावे लागतात, म्हणून ती महाग. पण काठाचा रंग अंगात जराही मिसळत नाही, आणि ते देखणेपण मला भरगच्च ब्रोकेडपेक्षा सरस वाटतं.

सेमी पैठणी घेण्यात काही कमीपणा नाही. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला, हळदीकुंकवाला वाटायला, रोजच्या सणावाराला ती ठीकच आहे. सेमी म्हणून मागा, सेमीचा भाव द्या. वाईट एवढंच आहे, की सेमीला हातमागाची किंमत मोजली जाते आणि मग खऱ्या विणकराचा भाव ‘अवाच्या सवा’ वाटायला लागतो.

येवल्यात गेल्यावर गाडीवाला जिथे थांबेल तिथेच उतरू नका. गावात आणि नागडेसारख्या आसपासच्या गावांत घरोघरी माग आहेत. दिवसा, कामाच्या वेळी गेलात तर खटखट बाहेरपर्यंत ऐकू येते. आधी माग बघा, मग साड्या. घरी तयार माल थोडा असतो, रंग चार-सहाच मिळतील. शोरूममध्ये निवड भरपूर, भावात दुकानाचा खर्च धरलेला. लग्नाची साडी हव्या त्या रंगात विणून हवी असेल तर किमान तीन-चार महिने आधी सांगा, पदर मोठा असेल तर त्याहून आधी. आगाऊ रक्कम देताना रंगाचा कापडाचा तुकडाच द्या, मोबाईलवरच्या फोटोत ‘डाळिंबी’ आणि ‘राणी’ यांत घोळ होतो. दर ठरवताना थोडी घासाघीस चालते, पण मागाशेजारी उभं राहून निम्म्यावर मागणं बरं दिसत नाही.

साडी पसंत पडली की पूर्ण उघडून घ्या, आणि ट्यूबलाइटखाली नव्हे, दारात उन्हाच्या उजेडात. धूपछाव रंग आत एक दिसतो आणि बाहेर दुसराच. दोन्ही काठ सारख्या रुंदीचे आहेत का, पदर अंगाशी सरळ रेषेत जोडला जातो का, मधेच कुठे फणी विरळ पडल्याची आडवी पट्टी दिसते का, तेलाचा डाग, तुटलेला धागा, हे बघा. साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजपीस सुमारे ८० सेंटीमीटर, मोजूनच घ्या. नऊवारी हवी असेल तर आधीच सांगा, कारण साडेपाच मीटरची नंतर वाढवता येत नाही. पक्क्या बिलावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम, टेस्टेड जर’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. नुसतं ‘पैठणी साडी, नग १’ असं बिल पुढे काहीच कामाचं नाही.

छत्रपती संभाजीनगरकडे मुक्काम असेल तर पैठण साधारण ५० किलोमीटरवर आहे. पैठणीचं मूळ गाव तेच, सातवाहनांचं प्रतिष्ठान. तिथेही विणकाम बघायला आणि घ्यायला मिळतं, पण दुकानांची संख्या आणि निवड येवल्यात जास्त. पर्स, बटवे, फाइल फोल्डर अशा छोट्या वस्तू दोन्हीकडे मिळतात. बहुतेक यंत्रमागाच्या ब्रोकेड कापडाच्या असतात, भेट द्यायला छान. हातमागाचंच काही हवं आणि साडीचं बजेट नसेल तर दुपट्टा विचारा, परीक्षा तीच, उलटी बाजू.

घरी आणल्यावर पहिली चूक फॉलची होते. बाजारातला सुती फॉल न भिजवता लावला की पुढे तो आटतो आणि काठाला चुण्या पडतात. फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावा, तोही हाताने, सैल टाक्यांनी. मशीनची सुई जरीची तार तोडते. पदराच्या टोकाला पिको नको, दशांच्या गाठी मारून घ्या.

नेसून झाल्यावर लगेच घडी घालू नका. दोन-चार तास सावलीत पसरून घाम जिरू द्या. अत्तर साडी नेसण्याआधी लावा, नंतर नाही. डाग पडला तर पाण्याने चोळू नका, रंग उतरून भोवती कडा उमटते. ड्रायक्लीनिंगला देताना हातमागाचं रेशीम आहे, जर टेस्टेड आहे, हे सांगून द्या. इस्त्री हलकी, उलट्या बाजूने, मधे सुती कापड घालून. ठेवताना जुन्या मऊ मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. हँगरला टांगली तर जरीच्या वजनाने कापड ताणलं जातं. डांबराच्या गोळ्या जरीला लागता कामा नयेत. त्याऐवजी लवंगा किंवा वाळलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. आणि दर तीन महिन्यांनी साडी उघडून घडीची जागा बदला. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं मुडपलेली जर अखेर त्या रेषेवरच तुटते, आणि ती बहुतेक वेळा नेमकी पदरावरच असते.