सहाची बॅच

गुडघ्याने पहिल्यांदा दगा दिला तो पर्वतीवर. १०३ पायऱ्या चढताना काही झालं नाही, उतरताना मात्र अशी कळ आली की कठड्याला धरून बसलेच. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, "झीज आहे. पायऱ्या बंद, पण व्यायाम बंद करू नका. मांडीचे स्नायू बळकट झाले तर गुडघ्याला आधार मिळेल. पाण्यात जा." छातीभर पाण्यात उभं राहिलं की निम्म्याहून जास्त वजन पाणीच पेलतं म्हणे.

सत्तावन्नाव्या वर्षी मला पोहता येत नव्हतं. गावाकडे आमची विहीर होती. भाऊ सात वर्षांचा असताना पाठीला डबा बांधून त्याला आत ढकललं. मी थोरली, काठावर त्याचे कपडे सांभाळत बसले. मला डबा बांधायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. शाळेत मात्र मी खो-खो दणकून खेळले, खांबावर सूर मारून गडी बाद करायचे. दहावी झाली आणि मैदान सुटलं. पुढे नोकरी, लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं अंथरूण. एवढ्या वर्षांत "तुम्ही व्यायाम काय करता?" असं मला विचारलं ते थेट त्या डॉक्टरांनीच.

जवळच्या तलावावर चौकशीला गेले. फॉर्म, दोन फोटो, आधारची झेरॉक्स, एमबीबीएस डॉक्टरचा दाखला. दाखल्यासाठी गेले तर बीपी वाढलेलं. पंधरा दिवस गोळी घेऊन पुन्हा या म्हणाले. गेले. मग दाखल्यावर शिक्का राहिला म्हणून खिडकीवरून परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला खिडकीतला मुलगा म्हणाला, "काकू, बायकांची बॅच दुपारी तीनला."

दुपारी तीनला मी बँकेत काउंटरवर असते. नोकरी करणाऱ्या बाईने पोहायचं कधी, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. फी परवडणारी होती; वेळच परवडणारी नव्हती. शेवटी त्याने सकाळी सहाची बॅच सुचवली, शिकाऊ आणि मिश्र. "पण त्यात सगळी पोरं आहेत हां."

पोशाखाचं दडपण वेगळंच. गुडघ्याखालपर्यंतचा, पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा कॉस्च्युम मिळाला, तो घालून आरशात बघायचं धाडस झालं नाही. टोपीत आंबाडा मावेना, म्हणून केसच कापले. घरात त्यावर चार दिवस चर्चा.

पहिला आठवडा नुसती दांडी धरून पाय मारण्यात गेला. माझ्या एका बाजूला तिसरीतली मुलगी, दुसऱ्या बाजूला तिचा भाऊ. मी मान ताठ ठेवून पाय मारायचे, त्यामुळे कंबर बुडायची. सर ओरडून दमले. चौथ्या दिवशी ती मुलगी म्हणाली, "आजी, डोकं आत घाला ना, मग पाय आपोआप वर येतात." घातलं. नाकात पाणी गेलं, ठसका लागला, पण पाय वर आले.

आता पाच महिने झाले. उथळ बाजूला अर्धी लांबी जाते, मग दांडी धरते. पर्वती अजून बंदच आहे, पण बसमधून उतरताना आता खांदा धरायला कुणी लागत नाही. परवा भावाला फोनवर सांगितलं, तर म्हणतो, "खोल बाजूला गेलीस का?"

पुढच्या महिन्यात, म्हटलं. डबा न बांधता.