बेल वाजते, दार उघडते

जुनी मालिका पुन्हा पाहताना गोष्ट बहुधा ठाऊक असते, आणि म्हणूनच लक्ष गोष्टीवरून सुटून तिच्या बांधणीकडे जाते. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातले बरेच काही यूट्यूबवर खुले केले आहे. २०२० च्या टाळेबंदीत 'रामायण' आणि 'महाभारत' पुन्हा दाखवले गेले, तेव्हापासून तर जुन्या मालिकांना चांगलाच भाव आला आहे. असे जुने भाग ओळीने पाहू लागल्यावर मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांतल्या घरगुती मालिकांत जे काही घडते, ते दारातून आत येते. बेल वाजते, घरातले कुणीतरी 'आलो, आलो' म्हणत दाराशी जाते, दार उघडते आणि मग गोष्टीला तोंड फुटते.

१९८४ साली आलेल्या 'ये जो है जिंदगी'मध्ये तर हा जवळजवळ नियमच होता. रणजित आणि रेणू हे जोडपे आणि रेणूचा भाऊ राजा, एवढाच काय तो कायमचा संसार. लेखन शरद जोशींचे (हे हिंदीतले व्यंगकार, आपले शेतकरी संघटनेचे नव्हेत). सतीश शाह प्रत्येक भागात नव्या भूमिकेत येत, म्हणजे मालिकेचे इंधनच मुळी 'आज दारात कोण उभे आहे' या प्रश्नातून मिळत असे. घरातली माणसे तीच, सोफा तोच, भांडणेही साधारण तीच. बदलतो तो फक्त उंबरठ्यावरचा माणूस. आज हे भाग पाहताना विनोद काही ठिकाणी शिळे वाटतात, पण दार उघडण्याचा क्षण अजूनही शिळा होत नाही, कारण उघडणाऱ्यालाही पलीकडे कोण आहे हे खरोखरच माहीत नसते.

त्या काळातला मालिकेतला दिवाणखाना जरा नीट पाहण्यासारखा आहे. सोफा असा मांडलेला की कुणाचीही पाठ आपल्याकडे येऊ नये. जेवणाच्या टेबलाची एक बाजू नेहमी रिकामी, घरात माणसे कितीही असोत. मागे शोकेस, तिच्यात बाहुल्या आणि कुणाला तरी मिळालेले कप. एका अंगाला स्वयंपाकघराकडे जाणारा पडदा आणि दुसऱ्या अंगाला ते मुख्य दार, जे आत उघडते, म्हणजे येणाऱ्याचा चेहरा थेट आपल्याला दिसतो. हा दिवाणखाना घराचा नाही, नाटकाच्या रंगमंचाचा आहे, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. बबन प्रभूंच्या फार्सवर पोसलेल्या प्रेक्षकाला एका दारातून नवरा बाहेर पडतो आणि दुसऱ्या दारातून भलताच माणूस आत येतो, यातली गंमत चांगली ठाऊक होती. २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा तिथे नाटकातलीच माणसे आली, आणि येताना दारही घेऊन आली. 'चिमणराव'मधले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे दारातून कसे आत येत, हे आठवणारे लोक अजून आहेत. रंगभूमीवरच्या नटाला एन्ट्री घेता येते. नुसता आत आला असे त्याचे कधी होत नाही.

परंतु नाटकाचा वारसा हे अर्धेच कारण झाले. उरलेले कारण यंत्रांचे आहे, आणि तेही दुहेरी आहे. एक म्हणजे गोष्ट टिपणारे यंत्र. तेव्हाचे व्हिडिओ कॅमेरे अवजड, दिवे त्याहून अवजड. बाहेर जायचे तर कॅमेरा वेगळा, रेकॉर्डर वेगळा आणि दोघांना बांधून ठेवणारी जाड केबल. स्टुडिओत दोन-तीन कॅमेरे समोर लावून, पॅनेलवर बसलेल्याने एकातून दुसऱ्यात जात प्रसंग सलग मुद्रित करणे हेच सोयीचे होते. टेपही महाग, इतकी की प्रसारण झाल्यावर ती पुसून पुन्हा वापरली जाई, आणि म्हणूनच त्या काळातले पुष्कळसे काम आज पाहायलाच मिळत नाही. अशा स्थितीत नायक रस्त्यावर जाऊन जगाला भेटणार कसा? त्यापेक्षा जगालाच घरी बोलावणे स्वस्त पडे. दुसरे यंत्र म्हणजे टेलिफोन, किंवा खरे तर त्याचा अभाव. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि तोवर शेजाऱ्यांच्या नंबरापुढे 'पीपी' असे लिहून तो बिनदिक्कत छापला जाई. येण्याआधी कळवायचे म्हणजे पोस्टकार्ड टाकायचे, आणि पाहुणा पोस्टकार्डाच्या आधी पोहोचला तर त्यात कुणाला नवल वाटत नसे. कॅमेऱ्याला घराबाहेर जाता येत नव्हते आणि बाहेरच्या माणसाला आधी कळवता येत नव्हते. या दोन्ही अडचणी दाराशी येऊन मिळाल्या आणि लेखकांनी त्यांचे सोने केले.

दाराचे दुसरे कामही विसरता कामा नये, ते म्हणजे आडून ऐकण्याचे. पडद्यामागे, किलकिल्या फटीशी, चहाचा ट्रे हातात घेऊन थबकलेले कुणीतरी अर्धेच बोलणे ऐकते आणि त्या अर्ध्यावर पुढचे सगळे रामायण घडते. गैरसमज व्हायला अर्धे ऐकावे लागते. हल्लीच्या मालिकांत आडोशाला उभी राहिलेली व्यक्ती मोबाइलवर सगळे चित्रित करून ठेवते आणि योग्य मुहूर्तावर, शक्यतो भर समारंभात, सर्वांना दाखवते. खलनायिका पकडली जाते हे खरे, पण तो पुरावा झाला. चुकीचे ऐकणाऱ्या माणसाचा स्वभाव त्याच्या ऐकण्यात उतरत असे, तो या चित्रफितीत कुठून उतरणार?

फोन घरात आला तेव्हा लगेच काही दाराची सत्ता गेली नाही. उलट काही काळ फोन हे दिवाणखान्यातले दुसरे दारच होते. त्याला क्रोशाचे झाकण होते, ठरलेली जागा होती आणि त्याच्यावर बोलताना सगळे घर ऐकत असे. पलीकडचा आवाज प्रेक्षकाला ऐकवण्याची पद्धत तेव्हा फारशी नव्हती, त्यामुळे नटाला दोघांचेही बोलणे एकट्याने करावे लागे. 'हॅलो... कोण? काय म्हणता?... कधी?... कुठल्या हॉस्पिटलमध्ये?' आणि मग हातातून रिसीव्हर सुटून वायरला लोंबकळू लागे. आज हे हास्यास्पद वाटते, पण नीट पाहिले तर त्यात नटाची केवढी कसोटी आहे! न दिसणाऱ्या माणसाला केवळ आपल्या थांबण्यातून उभे करायचे असते. आमच्याकडे हे एकपात्री फोनसंभाषण नाटकांतून इतके मुरलेले होते की मराठी नटांना ते जमणारच होते. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'तले घर हे अशा फोनच्या आणि बेलच्या राज्यातले शेवटच्या काही घरांपैकी असावे. आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या एकाच हॉलमध्ये येऊन आदळतात, आणि त्या आदळण्यातूनच भाग उभा राहतो. आबांचे रोजनिशी लिहिणे हे त्यावरचे शिंपण. आज तीच रोजनिशी त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली असती आणि तिसऱ्या दिवशी शिऱ्याने ग्रुप म्यूट केला असता.

गुप्तहेरांच्या मालिकांचे प्रकरण जरा वेगळे आहे. १९९३ साली बासू चटर्जींनी केलेली 'ब्योमकेश बक्षी' आजही ताजी वाटते याचे एक कारण असे की ती तयार झाली तेव्हाच तिच्यातला काळ जुना होता. अशील जिना चढून येतो, अजित दार उघडतो, पुतिराम चहा आणतो आणि रजित कपूर शांतपणे ऐकत बसतात. मोबाइलची उणीव भासतच नाही, कारण ती त्या काळाचीच रीत होती. 'सीआयडी'ची गोष्ट याच्या उलट. ती २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली आणि पुढची वीस वर्षे चालली, म्हणजे मोबाइल ही चैन होती तेव्हापासून तो भाजीवाल्याच्या हाती आला तोपर्यंत. तिचे सुरुवातीचे आणि शेवटचे भाग लागोपाठ पाहिले तर तपासाची सगळी मेहनत पायांकडून हळूहळू डॉ. साळुंखेंच्या प्रयोगशाळेकडे आणि मोबाइलच्या लोकेशनकडे सरकलेली दिसते. याच मालिकेने २००४ मध्ये १११ मिनिटांचा एक संपूर्ण भाग न तोडता एका सलग शॉटमध्ये चित्रित केला होता. कॅमेरा हलका झाल्याचे फळ म्हणावे तर असे. आणि तरीही लोकांच्या तोंडी काय राहिले, तर एसीपी प्रद्युम्न दयाला दार तोडायला सांगतात ते! एवढ्या विज्ञानयुगात दाराला त्याचा मान देणारा दया हा शेवटचाच म्हणायचा.

या सगळ्या काळात गोष्ट प्रेक्षकापर्यंत पोहोचवणारे यंत्रही बदलत होते. एकच वाहिनी होती तेव्हा माणसाने दारापर्यंत चालत जाणे दाखवायला कुणाला भीती वाटत नसे, कारण प्रेक्षक जाणार कुठे? १९९२ नंतर वाहिन्या वाढल्या, हातात रिमोट आला, मालिका आठवड्याच्या रोजच्या झाल्या आणि संगणकावरच्या संकलनाने कोणताही क्षण हवा तेवढा ताणण्याची सोय केली. ३ जुलै २००० ला सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी'च्या शीर्षकगीतात तुलसी दार उघडून आपले स्वागत करते, हे मला नेहमी फार सूचक वाटत आले आहे. दार राहिले, पण त्यातून कोण येते याला महत्त्व उरले नाही. महत्त्व आले ते पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांना. दारात कुणी उभे राहिले की सासूचा चेहरा, जावेचा चेहरा, पुन्हा सासूचा चेहरा, प्रत्येकावर तीन-तीनदा झेपावणारा कॅमेरा, वीज कडाडल्याचा आवाज, आणि पाहुणा मात्र उद्याच्या भागापर्यंत उंबरठ्यावरच. जुन्या लेखकाला पाहुणा आत घेऊन पुढे काय करायचे याचा विचार करावा लागे. इथे तो विचार चोवीस तास पुढे ढकलता येत होता. या तंत्राबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

मोबाइल सर्वांच्या खिशात आल्यावर विनोदी मालिकांच्या लेखकांपुढे खरी पंचाईत उभी राहिली असणार. निघण्याआधी फोन, पोहोचण्याआधी फोन, खाली गेटवर रखवालदाराचा फोन. एवढ्या वर्दीनंतर दारात उभ्या असलेल्या माणसाचे कसले आश्चर्य? यावरचा सर्वांत चतुर तोडगा मला २००४ च्या 'साराभाई वर्सेस साराभाई'मध्ये दिसतो. आतिश कपाडिया यांनी मोनिशाचे आणि तिच्या सासूचे घर समोरासमोर ठेवले. फोन सगळ्यांकडे आहेत, पण दोन पावलांवर राहणाऱ्याला फोन कोण करील? माया न सांगता आत येते, कपाळाला आठ्या घालून घरभर नजर फिरवते, आणि फार्सचे जुने दार पुन्हा कामाला लागते. तिथे इंद्रवदन होऊन हा पॅसेज ओलांडणारे सतीश शाहच आहेत, वीस वर्षांपूर्वी दर भागात नवा वेष घेऊन बेल वाजवणारे. २०१९ पासूनच्या 'गुल्लक'ने दुसरी वाट शोधली: ती छोट्या गावात गेली, जिथे दार दिवसभर उघडेच असते आणि शेजारची 'बिट्टू की मम्मी' बेल न वाजवताच आत येते. ज्या गोष्टीला दार हवे आहे, तिने दारे उघडी असलेली जागा गाठायची, हे मला अगदी रास्त वाटते.

अर्थात नव्या यंत्रांनी लेखकांना काही दिलेच नाही असे मुळीच नाही. निरोप वाचला गेला आहे हे दोन निळ्या खुणांवरून कळते आणि उत्तर मात्र येत नाही, असा छळ पोस्टकार्डाच्या काळात शक्य नव्हता. तेव्हा निदान टपालखात्याला दोष देता येई. भलत्याच ग्रुपवर गेलेला निरोप हा आजचा चुकीच्या वेळी आलेला पाहुणा आहे, आणि तो घाईघाईने पुसल्यावर मागे राहणारी 'निरोप पुसला आहे' ही ओळ तर आडून ऐकलेल्या अर्ध्या वाक्यापेक्षाही जास्त संशय पेरते. अडचण एवढीच की हे सगळे नाट्य मूक आहे. नट खाली मान घालून अंगठे हलवतो, त्याच्या डोक्याशेजारी अक्षरांचे फुगे उमटतात आणि विरतात. आमच्या आईला चष्मा लावूनही ते वाचता येत नाहीत. त्यामुळे नवी मालिका पाहताना कुणीतरी शेजारी बसून तिला ते फुगे मोठ्याने वाचून दाखवावे लागतात, म्हणजे फोनवरचे ते जुने एकपात्री संभाषण आता प्रेक्षकालाच करावे लागते. ती सगळे लक्षपूर्वक ऐकून घेते आणि विचारते, "ते सगळं असू दे, तो येतोय की नाही ते सांग."