मुलगा वडिलांकडे राहिला, माझ्या संमतीने

“आई असून मुलगा देऊन टाकलास?” हे मला ना वकिलांनी विचारलं ना न्यायाधीशांनी. विचारलं सख्ख्या मावशीने, तेही भरल्या मांडवात.

आम्ही वेगळे झालो तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. त्यापुढे मुलाचं हित बघतात. माझ्या वकील बाईंनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं. लढलात तर आधी अंतरिम ताब्याचा अर्ज, मग पुरावे, उलटतपासणी. आणि तोवर मूल टांगणीला, हेही सांगितलं.

पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक बाईंनी आम्हाला वेगवेगळं बसवून साधे प्रश्न विचारले. डबा कोण करतं, डायरीवर सही कोणाची असते, मध्यरात्री ताप आला तर कोण उठतं. मी स्टाफ नर्स, ड्युटी फिरती. नाइट असली की मुलगा माझ्याकडे असूनही झोपणार शेजारच्या काकूंकडे. तिकडे आजी दिवसभर घरात आणि शाळा चालत जाण्याइतकी जवळ. नवऱ्याशी माझं कितीही बिनसलेलं असो, बाप म्हणून तो कुठे कमी पडला असं मला शपथेवर लिहिता आलं नसतं.

न्यायाधीश मॅडम मुलाशी चेंबरमध्ये एकट्याने बोलल्या. आई हवी की बाबा, असं त्यांनी विचारलंच नाही म्हणे. अभ्यास कोण घेतं आणि रात्री भीती वाटली तर कोणाला हाक मारतोस, एवढंच. मला हे फार आवडलं.

खरी घासाघीस झाली ती कन्सेंट टर्म्सच्या, म्हणजे दोघांच्या संमतीने कोर्टात द्यायच्या अटींच्या, मसुद्यावर. त्यात आधी ‘दिवाळीची निम्मी सुट्टी आईकडे’ एवढंच होतं. म्हणजे नेमकी कुठली निम्मी? माझी भाची दरवर्षी त्याला ओवाळते, म्हणून मी भाऊबीज नाव घालून मागून घेतली. गणपती त्यांच्याकडे, कारण मूर्ती गावच्या घरी बसते. उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी, एकाआड एक शनिवार-रविवार माझे, आणि रोज संध्याकाळी फोन. तो फोन ड्युटी असेल तेव्हा पुढे-मागे चालेल, हेही लिहून घेतलं. शाळेच्या नोंदीत दोघांचे नंबर, पालकसभेला दोघांना मुभा, शस्त्रक्रिया किंवा पासपोर्ट असेल तर दोघांची सही.

वकील बाईंनी हसून विचारलं, “एवढं बारीक?” हो, एवढंच बारीक. सामंजस्याने ठरवू, असं म्हणणाऱ्यांचं सामंजस्य पहिल्या मे महिन्यातच संपलेलं मी नात्यात पाहिलंय.

मावशीला सांगितलं, ताबा त्याच्याकडे आहे, आईपण माझ्याकडेच आहे. तिला पटलं नाही. परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेश बदलून मागता येतो, हेही तिला सांगून झालं. सध्या तशी गरज नाही. आता मला दिवसपाळी मिळाली आहे, त्यामुळे बुधवारची संध्याकाळही माझ्याकडे आली. तीसुद्धा दोघांच्या सहीने.